छापलेली शुगरपट्टी

शुगर तपासायची पट्टी हा छापलेला सेन्सर आहे, हे ती रोज वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. नांदेडच्या नायगाव तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्रात सिस्टर बोट टोचून थेंब पट्टीला लावतात, काही सेकंदांत आकडा उमटतो आणि सगळं श्रेय मशीनला मिळतं. मशीन फक्त वीज मोजतं. रक्तातल्या साखरेपासून ती वीज निर्माण होते पट्टीवर.

लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या ज्या स्क्रीन प्रिंटिंगनं छापतात, त्याच पद्धतीनं ही पट्टी तयार होते. चौकटीत ताणलेली जाळी, तिच्यावर शाई आणि शाई दाबत नेणारं रबर. फरक शाईचा. इथे पॉलिस्टरच्या पातळ शीटवर कार्बनची आणि चांदीची वीजवाहक शाई छापतात, वाळवतात आणि वर एन्झाइमचा थर देतात. एन्झाइम ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढून घेतं, सोबतचं मध्यस्थ रसायन ते कार्बनपर्यंत पोचवतं. एका शीटवर अनेक पट्ट्या एकदम छापल्या जातात, म्हणूनच एकदा वापरून टाकण्याइतकी ती स्वस्त पडते.

एन्झाइमच्या इलेक्ट्रोडची कल्पना अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क यांची, 1962 सालची. मध्यस्थ म्हणून फेरोसीन वापरण्याची युक्ती क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 1984 साली मांडली, आणि 1987 साली पेनाच्या आकाराचं एक्झॅकटेक हे शुगरचं मशीन बाजारात आलं. अशी वीजवाहक शाई आज इतरत्रही भेटते. गाडीत पुढच्या सीटवर कुणी बसलं की बेल्टसाठी घंटी वाजते, तिथेही पुष्कळदा गादीखाली छापलेला दाबाचा सेन्सर असतो.

आपल्या भागात या पट्टीचं सगळ्यात मोलाचं काम मला गरोदरपणात दिसतं. सरकारी पद्धतीनुसार बाईला 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी शुगर बघतात. आकडा 140 किंवा त्याहून जास्त आला की गरोदरपणातला मधुमेह धरतात. त्यासाठी उपाशीपोटी यावं लागत नाही. तांड्यावरून, वाडीवरून एसटी गाठून येणाऱ्या बाईसाठी ही फार मोठी सोय आहे.

पण आकडा वाचताना भान हवं. आंतरराष्ट्रीय निकषानुसार 100 किंवा त्यावरच्या शुगरला मशीन 15 टक्के इकडेतिकडे दाखवू शकतं. म्हणजे काल 150 आणि आज 160 आली म्हणून घाबरून गोळी वाढवू नये. आंबा किंवा गूळ खाऊन हात न धुता बोट टोचलं, तर बोटावरची साखरही मोजली जाते. बहुतेक डब्यांवर 30 अंशांपर्यंतच ठेवा असं छापलेलं असतं, आणि नांदेडचा मे महिना 40 अंशांच्या वर जातो. म्हणून डबी मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये. पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावावं, दमटपणानं एन्झाइम बिघडतं.

आणखी एक गोष्ट, जी फारशी सांगितली जात नाही. अंगात रक्त कमी असलं, म्हणजे लाल पेशी कमी असल्या, की ग्लुकोज इलेक्ट्रोडपर्यंत सहज पोचतं आणि शुगर खरीपेक्षा जास्त दिसते. काही नव्या पट्ट्या हा फरक स्वतःच दुरुस्त करतात, सगळ्या नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. तेव्हा तपासणीच्या कार्डावर हिमोग्लोबिन आणि शुगर हे दोन आकडे एकत्र वाचावेत, आणि हिमोग्लोबिन फार खाली असेल तर डॉक्टरांना विचारून शिरेतलं रक्त लॅबला पाठवावं.