सुप्त उष्णता

पदार्थाचे तापमान न बदलता केवळ त्याची अवस्था बदलण्यासाठी (उदा., घनाचे द्रवात किंवा द्रवाचे वायूत रूपांतर होण्यासाठी) लागणारी उष्णता. ही उष्णता शोषली जात असताना तापमापकाचा निर्देश स्थिर राहतो, म्हणून तिला ‘सुप्त’ म्हणतात. उलट दिशेने अवस्थांतर होताना तेवढीच उष्णता बाहेर टाकली जाते.

इतिहास : स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक (१७२८–९९) यांनी १७६१-६२ च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठात ही संकल्पना मांडली. ० से. तापमानाचे बर्फ वितळण्यास त्याच तापमानाचे पाणी थोडे तापविण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. थोड्याशा वाफेने पुष्कळ पाणी उकळते, या जेम्स वॉट यांच्या निरीक्षणाचा उलगडाही या संकल्पनेमुळे झाला.

स्पष्टीकरण : तापमान हे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचे निदर्शक आहे. अवस्थांतराच्या वेळी दिलेली ऊर्जा रेणूंचा वेग वाढविण्याकडे खर्च न होता त्यांच्यातील परस्पर आकर्षण तोडण्याकडे खर्च होते. वितळताना रेणूंची नियमित मांडणी मोडते. बाष्पीभवनात मात्र ते एकमेकांपासून जवळजवळ पूर्णपणे अलग होतात. शिवाय १०० से. ला पाण्याची वाफ होताना घनफळ सु. १,६०० पट होते व वातावरणीय दाबाविरुद्ध कार्य करावे लागते. एकूण सुप्त उष्णतेचा सु. ७·५% भाग त्याकडे जातो. त्यामुळे बाष्पीभवनाची सुप्त उष्णता वितळण्याच्या सुप्त उष्णतेपेक्षा पुष्कळच जास्त असते.

मूल्ये : १ ग्रॅ. बर्फ वितळण्यास सु. ३३४ जूल (८० कॅलरी), तर १०० से. ला १ ग्रॅ. पाण्याची वाफ होण्यास सु. २,२५७ जूल (५४० कॅलरी) उष्णता लागते. तेवढेच पाणी ० पासून १०० से. पर्यंत तापविण्यास केवळ सु. १०० कॅलरी पुरतात. तापमान वाढेल तशी बाष्पीभवनाची सुप्त उष्णता घटते. पाण्याच्या बाबतीत सु. ३७४ से. या क्रांतिक तापमानास ती शून्य होते.

व्यावहारिक महत्त्व : वाफेने भाजणे उकळत्या पाण्याने भाजण्यापेक्षा अधिक घातक असते. १ ग्रॅ. उकळते पाणी ३७ से. पर्यंत निवताना सु. २६० जूल, तर तेवढीच वाफ त्वचेवर द्रवरूप होऊन निवताना सु. २,५०० जूल उष्णता देते. मातीच्या माठाच्या सच्छिद्र पृष्ठावरून झिरपलेले पाणी बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेते, म्हणून ते गार राहते. वाळ्याचे ओले पडदे व पाण्याचे कूलर याच तत्त्वावर चालतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ते गुणकारी ठरतात, तर कोकणच्या दमट हवेत त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

मानवी शरीरही घामाच्या बाष्पीभवनाने आपले तापमान राखते, १ लि. घामाचे बाष्पीभवन झाल्यास सु. २,४०० किलोजूल उष्णता निघून जाते. परंतु हवा उष्ण असून बाष्पाने जवळजवळ संपृक्त असेल, तर घाम नुसता ओघळतो व शरीर थंड होत नाही. ओल्या फुग्याच्या तापमापकाचा निर्देश त्वचेच्या तापमानाजवळ (सु. ३५ से.) येऊ लागला म्हणजे सावलीत विश्रांती घेणाऱ्या निरोगी माणसाच्याही जीवास धोका संभवतो. म्हणून उष्माघाताचा धोका ठरविताना तापमानाबरोबर आर्द्रताही विचारात घ्यावी लागते.

समुद्रावरील बाष्पात साठलेली सुप्त उष्णता ढग बनताना मोकळी होते. उष्ण कटिबंधीय चक्रीवादळांना मुख्यतः तिच्यापासूनच ऊर्जा मिळते.