ईश्वरी मार्गदर्शन (ख्रिस्ती परंपरा)

महत्त्वाचा निर्णय घेताना देवाची इच्छा जाणून घेण्याच्या ख्रिस्ती साधनेस ईश्वरी मार्गदर्शन म्हणतात. प्रार्थना, बायबलवाचन, मंडळीतील अनुभवी व्यक्तींचा सल्ला आणि सदसद्विवेक ही तिची प्रमुख साधने होत. कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांच्या नियमानुसार, मन उद्विग्न असताना पूर्वीचा निश्चय बदलू नये.

महाराष्ट्रातील उदाहरण

कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पत्नी लक्ष्मीबाईंशी त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी पुढे स्वतःची खात्री पटल्यावरच तो धर्म स्वीकारला. १९१७ मध्ये टिळकांनी अंतःप्रेरणा प्रमाण मानून अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली व ‘देवाचा दरबार’ स्थापन केला.