रेघेवरचे ठिपके

३१ डिसेंबरच्या रात्री वांद्र्याच्या, वसईच्या किंवा गोव्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांतून फेरफटका मारलात, तर कोपऱ्याकोपऱ्यावर एक म्हातारा बसलेला दिसेल. जुनी पँट, विटका कोट, आत पेंढा आणि चिंध्या. मुलं त्याच्या नावानं चार दिवस पैसे गोळा करतात आणि बाराच्या ठोक्याला त्याला पेटवून देतात. सरतं वर्ष जळालं! मोठी माणसं तोवर चर्चमधून प्रार्थना आटोपून आलेली असतात. हस्तांदोलनं होतात, केक वाटला जातो.

त्या म्हाताऱ्यासाठी मीही लहानपणी डबा वाजवत फिरलो आहे. संत पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात जुना माणूस उतरवून ठेवण्याची आणि नवा माणूस धारण करण्याची गोष्ट आहे, अंगावरचे कपडे बदलावेत तशी. आमच्याकडे पंचाईत अशी, की रात्री जाळलेला तो जुना माणूस सकाळी चहाच्या टेबलावर हजर असतो!

माझा जुना माणूस म्हणजे माझी जीभ. आईचं वय झालं, तिला विसर पडू लागला. ‘गॅस बंद केलास का रे?’ हा प्रश्न ती एका संध्याकाळी सात-आठ वेळा विचारायची. दोनदा मी नीट उत्तर द्यायचो, तिसऱ्यांदा खेकसायचो. मग ती गप्प होऊन खिडकीपाशी जाऊन बसायची. कशामुळे वाईट वाटलं हे ती विसरायची, पण वाईट वाटलेलं तिच्या चेहऱ्यावर तसंच राहायचं. लागोपाठ तीन वर्षं मी १ जानेवारीला वेदीसमोर गुडघे टेकून शपथ घेतली. एकही शपथ ‘तीन राजांच्या’ सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत टिकली नाही.

शेवटी एका वृद्ध येशूसंघीय फादरांपुढे हे बोललो. त्यांनी उपदेश केला नाही. कागदावर रेघा मारून दाखवल्या आणि म्हणाले, ‘हे आमच्या इग्नेशियसचं.’

हा इग्नेशियस लोयोला म्हणजे येशूसंघाचा संस्थापक. स्पेनमधला उमराव घराण्यातला, नटण्यामुरडण्याची हौस असलेला गडी. १५२१मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याचा पाय मोडला. हाड वेडंवाकडं जुळलं. घट्ट बूट चढवता यावेत म्हणून या पठ्ठ्यानं वर आलेलं हाड करवतीनं कापून घेतलं, तेही भूल देण्याची सोय नसलेल्या काळात! अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या. घरात होतं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. तीच वाचली आणि मन पालटू लागलं.

मात्र खरी गंमत पुढे आहे. १५२२मध्ये मानरेसा गावी राहून त्यानं स्वतःला एका झटक्यात बदलायचा प्रयत्न केला. केसांचा अभिमान होता म्हणून केस आणि नखं वाढू दिली. दिवसाचे सात-सात तास प्रार्थना. जुनी पापं पुन्हा पुन्हा आठवून जीव नकोसा झाला. आठवडाभर अन्नाला शिवला नाही. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी आज्ञा केली तेव्हा कुठे उपास सुटला. आपल्या नववर्षाच्या संकल्पांचं हे टोकाचं रूपच म्हणायचं. या अनुभवातून पोळून निघाल्यावर त्यानं साधकांसाठी जी टिपणं केली, त्यांचं पुस्तक १५४८मध्ये पोपच्या मान्यतेनं छापलं गेलं. त्यात ही रेघांची रीत दिली आहे.

रीत साधी आहे. एका वेळी एकच दोष धरायचा. सकाळी उठताच त्या दोषापासून जपायचं, असं मनाशी ठरवायचं. दिवसात घसरलो, तर त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांत केलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. दुपारी जेवणानंतर तासातासाचा हिशेब करून जितक्यांदा घसरलो तितके ठिपके रेघेवर द्यायचे. रात्री पुन्हा तेच, दुसऱ्या रेघेवर. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी ताडून पाहायची, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी.

शपथ एकदा मोडली की मोडली. मग माणूस म्हणतो, आता पुढच्या जानेवारीत पाहू. इथे मोडायला काही नाहीच. पडणं गृहीतच धरलं आहे, फक्त ते मोजायचं. शिवाय हिशेब दिवसातून दोनदा, म्हणजे सकाळ वाया गेली तरी संध्याकाळ हाताशी उरते.

मग यात देव कुठे आला, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. असे ठिपके नास्तिकही देऊ शकतो. पण त्याच पुस्तकात दिवसभराच्या आत्मपरीक्षणाचा जो क्रम दिला आहे, त्यात पहिली पायरी दोषांची नाही, आभाराची आहे. आधी मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार, मग आपले दोष दिसावेत म्हणून कृपेची याचना, त्यानंतर हिशेब, मग क्षमायाचना, आणि शेवटी सुधारण्याचा निश्चय. आपण १ जानेवारीला निश्चयापासून सुरुवात करतो. इथे तो सर्वांत शेवटी येतो आणि तोही कृपेच्या भरवशावर. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे बदल ही एकट्या माणसाची कमाई नाही, आणि निव्वळ आयतं दानही नाही. ठिपके माणसानं द्यायचे. ते कमी झाले तर त्याचा गर्व करायचा नाही. हे दुसरं मला अजून जमलेलं नाही.

मी वेगळी वही केली नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, तारखेच्या चौकोनात, वर दुपारचे आणि खाली रात्रीचे ठिपके देऊ लागलो. पहिल्या आठवड्यात चौकोन पुरेना. हिशेब करताना असंही लक्षात आलं, की मी आईवर खेकसतो ते बहुतेक वेळा ऑफिसातून आल्यावर, चहा होईपर्यंतच्या अर्ध्या तासात. मग मी आधी चहा घेऊ लागलो. लेंटपर्यंत काही चौकोन कोरे दिसू लागले, आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी एकदम सहा ठिपके पडले.

एके दिवशी आई त्या कालनिर्णयासमोर बराच वेळ उभी होती. म्हणाली, ‘या दूधवाल्यानं फारच खाडे केले रे.’

‘दूधवाल्याचे नाहीत आई, माझे आहेत,’ मी म्हटलं.

‘मग तेवढे पैसे कापून घे,’ ती म्हणाली, आणि गॅस बंद आहे का ते पाहायला गेली.