टेलरच्या दुकानात डबेवाल्यांची युक्ती. गिऱ्हाईकाचा हेलपाटा वाचेल
वसई : सणासुदीला वसई-विरारमधल्या टेलरकडे कपड्यांचा ढीग लागतो. ब्लाऊज वेळेवर सापडला नाही की गिऱ्हाईक दोन हेलपाटे घालतं आणि पुढच्या वेळी दुसरं दुकान गाठतं. यावर साधा उपाय मुंबईच्या डबेवाल्यांकडे आहे. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी ही सेवा सुरू केली. डबा वाटेत अनेक हात बदलतो, तरी सहसा चुकत नाही. कारण उतरायचं स्टेशन, इमारत, मजला हे सगळं झाकणावरच्या रंग, अक्षर, आकड्यांत असतं.

टेलरनेही कपडा घेतानाच पावती नंबर आणि तारखेची चिठ्ठी त्याला टाचावी. तारखेप्रमाणे वेगळे गठ्ठे ठेवावेत. उशीर होणार असेल तर आदल्या दिवशीच फोन करावा. खर्च फक्त वही-टाचणीचा, पण गिऱ्हाईक टिकतं.