निर्मळच्या फळीवरचा अजिंठा

आदिलाबादहून दक्षिणेला निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४४ गुडीहत्नूर, इच्चोडा, नेरडीगोंडा मागे टाकत घाट उतरतो आणि निर्मळला पोचतो. हे गाव लाकडी खेळण्यांसाठी ओळखले जाते. ती घडवणाऱ्या कारागिरांच्याच हातून आणखी एक कला घडली आहे: जगप्रसिद्ध चित्रांच्या लहान प्रतिकृती.

सागवानी किंवा प्लायवूडची फळी घासून गुळगुळीत करतात आणि तिच्यावर बहुधा काळ्या रंगाची जमीन चढवतात. पूर्वी वनस्पतींचा रस आणि खनिजे यांपासून रंग बनत. आता मोटारींना लावतात तो ड्युको रंग वापरतात. त्या काळ्या जमिनीवर सोनेरी छटेत अजिंठ्याचा बोधिसत्त्व पद्मपाणी उमटतो, मोगल लघुचित्रांतल्या बेगमा उमटतात, रामायण-महाभारतातले प्रसंगही.

अजिंठ्याचीच निवड व्हावी, यात नवल नाही. निर्मळ आणि अजिंठा ही दोन्ही ठिकाणे पूर्वी निजामाच्या राज्यात होती.  

पहिल्या लेण्यातला पद्मपाणी माणसाहून मोठा आहे. तो हातभर फळीवर आणताना काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे कारागिराला ठरवावे लागते. मुकुटाची नक्षी थोडी कमी केली तरी चालते. भुवईचा बाक किंवा खाली झुकलेली पापणी चुकली, की तो पद्मपाणी राहत नाही.

अशा नकलांचे मोल अजिंठ्यानेच पटवून दिले आहे. चित्रकार रॉबर्ट गिलने १८४४पासून वर्षानुवर्षे खपून काढलेल्या बहुतेक प्रती १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रती काढल्या. त्यांतल्याही कित्येक १८८५मध्ये दुसऱ्या एका आगीत जळाल्या. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम प्रती काढायला आल्या, तेव्हा निजाम सरकारने हैदराबादचे चित्रकार मदतीला दिले. मूळ भिंतींवरचे रंग दरम्यान झडतच होते.

निर्मळच्या खेळण्यांना आणि चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याने नावाला संरक्षण मिळते. हात तयार होतो तो मागणीमुळे. छापील चित्र स्वस्त मिळत असताना हाताने काढलेली फळी विकत घेणाराच ही कला चालवतो. आपण काय आणि कोणाचे घेतो हे त्याला कळावे, म्हणून अजिंठ्याच्या प्रत्येक फळीच्या पाठीवर मूळ लेण्याचा क्रमांक आणि चितारणाऱ्याचे नाव, दोन्ही असायला हवीत.