नानी मध्ये बोलत नाही

गेल्या वर्षी माझी मुलगी दहावीत होती. क्लाससाठी ती रोज एसटीने तालुक्याच्या गावी जायची. डिसेंबरपासून ती गप्प गप्प राहू लागली. जेवायला बसली की दोन घास खाऊन उठायची. मी शिक्षिका, मुलांशी बोलणे हे माझे रोजचे काम. मला वाटले, परीक्षेचा ताण असेल.

एके दुपारी माझ्या अम्मीचा फोन आला. "बेटा, उद्यापासून पोरीला एकटी पाठवू नकोस. स्टँडवर दोन मुलं तिला त्रास देतात."

दीड महिना हे चालले होते आणि एकाच घरात राहून मला त्याचा पत्ता नव्हता! दुसऱ्या दिवसापासून तिचे अब्बू सोबत जाऊ लागले. स्टँडवरच्या नियंत्रकांशी बोलले. अल्‌हम्दुलिल्लाह, त्रास थांबला. पण त्या रात्री मी मुलीला विचारले होते, "मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "सांगत होते ना अम्मी. मी म्हटलं, क्लासला जावंसं वाटत नाही. तू म्हणालीस, फी भरलीय. मी म्हटलं, स्टँडवर फार गर्दी असते. तू म्हणालीस, लवकर निघत जा. नानी मध्ये बोलत नाही."

ते शेवटचे वाक्य मी अजून विसरलेले नाही. आपल्या घरांत बोलणे कमी नाही, ऐकणे कमी आहे. मोठी गोष्ट सांगण्याआधी मूल एक छोटे वाक्य टाकून पाहते. त्यावर लगेच सल्ला मिळाला की पुढची गोष्ट त्याच्या पोटातच राहते. सून, सासू, म्हातारे वडील यांचेही असेच होते.

तोंड वळवून ऐका

प्रेषित मुहम्मद (स.) कोणाकडे वळत तेव्हा नुसती मान न वळवता पूर्ण वळत, असे त्यांच्या वर्णनात आले आहे. आपण मात्र भाकरी थापता थापता किंवा मोबाइलवर बोट फिरवत 'हं, बोल' म्हणतो. हातातले काम खरेच सोडता येत नसेल तर "पाच मिनिटांत येते, मग सांग" असे म्हणावे आणि पाच मिनिटांत खरोखर जावे.

'का'ऐवजी 'काय झालं'

हजरत अनस (रजि.) लहानपणापासून दहा वर्षे प्रेषितांच्या सेवेत होते. या काळात प्रेषितांनी आपल्याला कधी 'उफ्'सुद्धा म्हटले नाही, केलेल्या कामाबद्दल 'हे का केलेस' असे विचारले नाही, असे ते सांगत. 'का उशीर झाला?' असे विचारले की मूल कारणे शोधू लागते. 'आज काय झालं?' म्हटले की घडलेले सांगू लागते. वर्गात मी हे रोज पाहते. घरी मात्र विसरले होते.

आवाज आणि हाक

सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला उपदेश करतो. त्यात आवाज खाली ठेवण्याची शिकवण आहे. पण त्याआधी तीन वेळा तो मुलाला मायेने हाक मारतो, हे आपल्या लक्षात राहत नाही. आपली हाक बहुतेक वेळा रागावतानाच निघते. सूरह हुजुरातने टिंगल करण्यास आणि वाईट नावांनी हाक मारण्यास मनाई केली आहे. तरी 'जाड्या', 'काळू' ही नावे घराघरांत प्रेमाच्या नावाखाली चालतात. ज्याला ती चिकटतात त्याला विचारून पाहा.

चूक दाखवायची असेल तर एकट्यात दाखवावी. पाहुण्यांसमोर मुलाचे गुण काढणे आणि नणंदेसमोर सुनेच्या सालनाला नावे ठेवणे यांमुळे चूक सुधारत नाही, माणूस दुरावतो. हजरत मूसा (अलै.) यांना फिरऔनसारख्या जुलमी राजाशीही नरमाईने बोलण्याचा हुकूम झाला होता. आपल्या घरात तर कोणी फिरऔन नाही!

सल्ल्याची पाळी नंतर

याचा अर्थ आईबापांनी सल्ला देऊच नये असा नाही. आधी समोरच्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे. मग "म्हणजे तुला असं वाटतं का?" म्हणून आपल्याला नीट समजले की नाही याची खात्री करावी. त्यानंतर जे सांगायचे ते थोडक्यात सांगावे.

आता इशानंतर आमच्या घरी सगळे मोबाइल कपाटावर जातात. दस्तरखान उचलल्यावर पंधरा-वीस मिनिटे आम्ही नुसते बसतो. पहिल्या आठवड्यात कोणी फारसे बोलले नाही. मला तर गप्प बसणे फार जड गेले.

मुलगी आता अकरावीत आहे. परवा मैत्रिणीशी झालेले भांडण ती सांगत होती. तीन वेळा माझ्या ओठांवर सल्ला आला, तिन्ही वेळा मी तो गिळला. सगळे सांगून झाल्यावर तीच म्हणाली, "अम्मी, तुला काय वाटतं? मी काय करू?"

अल्लाह आपल्या सर्वांना चांगले बोलण्याची आणि त्याआधी चांगले ऐकण्याची तौफीक देवो. आमीन.