सरासरीने केलेला घात

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रोटॉनचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ४ कोटी वेळा, समोरासमोर येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा, ज्यात सहभाग आहे त्या सीएमएस प्रयोगात एका घटनेची नोंद साधारण एक मेगाबाइटची भरते. गुणाकार केला तर सेकंदाला ४० हजार गिगाबाइट. एवढे साठवणे कोणालाच परवडत नाही. म्हणून ट्रिगर नावाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जेमतेम ४ मायक्रोसेकंदांत निवाडा करते आणि ४ कोटींतल्या फार तर एक लाख घटना पुढे सोडते. संगणकांची दुसरी फळी त्यांतल्या हजारेक ठेवते. बाकीच्या कायमच्या गेल्या. त्या पुन्हा तपासायची सोय नाही. ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झालेला हिग्ज बोसॉन अशाच निवडीतून हाती लागला. तेव्हा कण-भौतिकीत खरा जोखमीचा निर्णय डेटा हाती येण्याआधी, यंत्रणा कागदावर असतानाच घ्यावा लागतो. तो सरासरीच्या हिशेबावर घेता येत नाही, त्यासाठी संगणकावर प्रतिमान उभारावेच लागते, एवढेच मला इथे मांडायचे आहे.

सरासरी कशी फसवते, हे धाराशिव जिल्ह्याच्या वाचकाला तुळजापूरच्या दर्शनबारीवरून चटकन कळेल. दिवसाकाठी किती भाविक येतात आणि गाभाऱ्यापुढून मिनिटाला किती जण सरकतात, याचा मेळ कागदावर चोख बसतो. तरी नवरात्रात बारी तुंबतेच, कारण माणसे सरासरीने येत नाहीत, लोंढ्याने येतात. कणही तसेच येतात. समजा, एका इलेक्ट्रॉनिक कार्डाकडे सरासरी दर १० मायक्रोसेकंदांनी एक घटना येते आणि ती हातावेगळी करायला सरासरी ५ मायक्रोसेकंद लागतात. सरासरीच्या हिशेबाने कार्ड निम्मा वेळ रिकामे आहे. पण घटना कधीही येऊ शकतात आणि थांबायला जागा नाही, असे धरून गणित केले तर तीनांतली एक घटना वाया जाते. तीन घटना थांबतील एवढा बफर दिला आणि कामाचा वेळही कमीजास्त होतो असे धरले, तर नुकसान सुमारे ३ टक्क्यांवर येते. सात जागा दिल्या तर ०.२ टक्क्यांवर. आता तोच सात जागांचा बफर ठेवून घटनांचा ओघ असा वाढवा की सरासरीच्या हिशेबाने कार्ड ९० टक्के वेळ कामात राहील. नुकसान एकदम ७ टक्क्यांवर जाते. भार दुपटीपेक्षाही कमी वाढला आणि नुकसान ३५ पट झाले. अशी उडी केवळ अंदाजाने कोणालाही दिसत नाही.

इथपर्यंतचे गणित सूत्राने सुटते. मग संगणक कशाला, असा रास्त प्रश्न येतो. उत्तर असे की खऱ्या यंत्रणेत अशी हजारो कार्डे एकमेकांवर अवलंबून असतात. एकाचा बफर भरला की ते मागच्याला थांबायला सांगते, मागचे त्याच्या मागच्याला. अ‍ॅटलास या दुसऱ्या प्रयोगात एकच संगणक शेकडो ठिकाणांहून एकाच घटनेचे तुकडे मागवतो. सगळी उत्तरे एकाच क्षणी परततात आणि नेटवर्कच्या स्विचमध्ये कोंडी होऊन डेटाची काही पाकिटे गळतात. प्रत्येक तार सरासरीने पाहिली तर मोकळीच दिसते! म्हणून यंत्रणेचा प्रत्येक भाग संगणकात उभा करून घटनामागून घटना सोडायच्या आणि कुठे अडते ते पाहायचे, हाच मार्ग उरतो. त्यातून कधी मोठे निर्णयही बदलतात. सर्नमधल्याच एलएचसीबी प्रयोगाने सुधारित यंत्रणेत इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची पहिली पायरीच काढून टाकली आणि २०२२पासून सगळी निवड ग्राफिक्स कार्डे व संगणकांकडे सोपवली. ओघ वाढेल तशी ती पायरी कामाच्या घटनाच जास्त फेकून देईल, हे आधीच्या अभ्यासातून दिसले होते.

आपल्याकडचे उदाहरण याच्या उलट टोकाचे, म्हणून अधिक बोलके आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, टीआयएफआरच्या गटाने जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ साली वातावरणातील न्यूट्रिनो टिपले. त्याच परंपरेतला पुढचा प्रयोग म्हणजे तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात योजलेली न्यूट्रिनो वेधशाळा. तिच्यासाठी ५० हजार टन लोखंड, २८,८०० संवेदक आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी ६४ पट्ट्या, म्हणजे जवळपास ३७ लाख वाहिन्या ठरल्या. त्यांची इलेक्ट्रॉनिक्स टीआयएफआर आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी विकसित केली. इथे न्यूट्रिनो दिवसाला मोजकेच. पण प्रत्येक पट्टीवर सेकंदाला शंभर खोटे ठोके धरले तरी एकूण ३७ कोटी होतात. सलग काही थरांत, ठरावीक नॅनोसेकंदांच्या आत ठोके पडले तरच घटना खरी मानायची, हा नियम ठरवतानाही प्रतिमानच लागते. थर किती घ्यायचे? जास्त घेतले तर कमी ऊर्जेचे खरे कण निसटतात, कमी घेतले तर खोट्यांची गर्दी होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१५मध्ये प्रकल्प मंजूर केला. पुढे परवानग्या आणि स्थानिक विरोध यांत तो अडकला. त्या विरोधाची बाजू इथे तोलत नाही, पण त्या निमित्ताने घडलेले इलेक्ट्रॉनिक्सचे काम वाया गेले असे मानण्याचे कारण नाही.

प्रतिमानावरचा सर्वांत भक्कम आक्षेप निराळाच आहे: त्यात आपण घालू तेच बाहेर येते. सप्टेंबर २०११मध्ये ऑपेरा प्रयोगाने न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचे जाहीर केले. पुढल्या वर्षी मूळ सापडले, ते वेळेचा संकेत आणणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या नीट न बसलेल्या जोडणीत. असली ढिली जोडणी कोणत्याही प्रतिमानात आपोआप दिसत नाही. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा. यंत्रणा ठीक असताना आकडे कसे दिसायला हवेत हे प्रतिमान सांगते; प्रत्यक्षातले आकडे हटले की शोध कुठे घ्यायचा ते त्यावरून ठरते. मुद्दाम बिघाड घालून चाचणीही घेता येते. जे प्रतिमान फक्त सुरळीत दिवसाचे चित्र काढते ते निकामी, हे मात्र मी मान्य करतो.

दुष्काळी जिल्ह्याला याचे काय, असे विचारणाऱ्यांना ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवावी. किल्लारीच्या भूकंपात लातूरबरोबर आपल्या उमरगा-लोहारा पट्ट्यातली सास्तूर, पेठसांगवी अशी गावेही उद्ध्वस्त झाली. आदल्या वर्षी त्या भागात छोटे धक्के जाणवले होते. अनेक भूकंपमापकांतही ट्रिगर असतो: अलीकडच्या काही सेकंदांतली हालचाल आणि लांब काळातली सरासरी यांचे गुणोत्तर ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की नोंद सुरू होते. मर्यादा फार वर ठेवली तर लहान धक्के सुटतात, फार खाली ठेवली तर ट्रॅक्टरही भूकंप ठरतो. भूकंपाचे भाकीत यातून होत नाही. पण अशा यंत्रात कोणते धक्के नोंदले जातील हे यावरच ठरते. मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेलाही एप्रिल २०२३मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आहे. अशा वेधशाळेत गुरुत्वीय लहरींचा मुख्य संकेत सेकंदाला १६,३८४ वेळा मोजला जातो आणि जमिनीच्या कंपनासह असंख्य पूरक संकेत सोबत नोंदले जातात. तिथे डेटा संकलनाची जाण असलेली माणसे लागणार, आणि ती मुंबई-पुण्याहूनच यावीत असा काही नियम नाही.

या अभ्यासाला शोधक यंत्र लागत नाही. सिमपाय आणि जिआन्ट-४ ही साधने फुकट मिळतात, सीएमएसचा डेटा २०१४पासून टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुला होत आहे, आणि वर दिलेले बफरचे आकडे साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत पडताळून पाहता येतात. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी एमएस्सीच्या प्रकल्पांत हा एक विषय येत्या वर्षापासून घालावा.